अकरा मीटर दोरीचे सर

सर जिना उलटा उतरायचे. चढताना तुमच्याआमच्यासारखेच चढत, पण उतरायची वेळ आली की गर्रकन वळायचे, एक हात कठड्यावर ठेवायचे आणि मागच्या पायऱ्या पायानेच चाचपत खाली निघायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "अक्का, शिकवताना मुलांना पाठ दाखवू नये की." त्यांचं निम्मं शिकवणं त्या जिन्यावरच व्हायचं. आम्ही बाराजण वरच्या पायऱ्यांवरून त्यांच्याकडे बघत एकेक पायरी उतरायचो, आणि खालून वर येणारी पीएचडीची मुलं सवयीने भिंतीला चिकटून उभी राहायची. तीन आठवड्यांत सर एकदाही पडले नाहीत. आमच्यातले दोघे पडले, सरळ उतरताना.

मी तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. आईबाबा नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरात व्हाइटफील्डला आले त्याला सात वर्षं झाली होती, आणि सात वर्षांत मी एकाही परीक्षेत दुसरी आले नव्हते. हे मी तेव्हा कुणालाही, न विचारता, पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. मे महिन्यात मल्लेश्वरममधल्या एका जुन्या विज्ञान संस्थेने शाळेतल्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा प्रोग्रॅम ठेवला होता. हॉस्टेलमध्ये राहायचं, कँटीनमध्ये जेवायचं, प्रयोगशाळेत काम करायचं आणि विद्यापीठ म्हणजे काय असतं त्याची चव घ्यायची. आईला वाटलं, पुढे अर्जात लिहायला बरं पडेल. मला वाटलं, तिथेही पहिली येऊ. पहिलं यायला तिथे परीक्षाच नव्हती, हे कळलं तेव्हा मला चक्क फसवल्यासारखं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी सरांना तसं उलटं उतरताना बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, पडतील ना हे!" सर मधल्या पायरीवर थांबले. साठीचे, ठेंगणे, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनांच्या जागी दोन स्टॉपवॉच.

"पडत नाही. तीस वर्षं झाली. तू आमची काय?" मराठीत! मी थक्कच झाले. बंगळुरात मराठी बोलणारी माणसं म्हणजे आमच्या सोसायटीतली, आयटीतली, गणपतीला एकत्र येऊन मोदकांवर चर्चा करणारी, एवढंच मला ठाऊक.

"सर, तुम्ही पुण्याचे?"

"छे. मी इथला. आमचे लोक कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं."

"कधी आले?"

"झाले स्वल्प दिवस. साडेतीनशे वर्षं."

त्या दिवसापासून माझ्या मराठीची टिंगल करणं हा त्यांचा रोजचा कार्यक्रम झाला. "तुझं मराठी रेडिओवरचं आहे अक्का," म्हणायचे. "बोलता बोलता मध्येच इंग्रजी जाहिराती लागतात." स्वतः मात्र ते अर्ज इंग्रजीत करायचे, मोजायचे कानडीत आणि रागवायचे मराठीत. मोजताना ओंदु, एरडु, मूरु सुरू झालं की आजूबाजूच्यांनी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा असा नियम होता. रागावलेलं मात्र मी त्यांना फार उशिरा बघितलं. त्याचीच ही गोष्ट आहे म्हटलं तरी चालेल.

पंधरा वर्षांच्या मुलीला ते अक्का म्हणायचे आणि पंधरा वर्षांच्या मुलाला अण्णा, म्हणजे ताई आणि दादा. तुम्ही इथे विद्यार्थी नाही, सहकारी आहात, सहकाऱ्याला मान द्यायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मान दिला की लगेच कामालाही लावायचे. कुणी काहीही विधान केलं की ते एकच प्रश्न विचारायचे, "मोजलंस काय?" आज उकडतंय म्हटलं, मोजलंस काय. तो मुलगा फार बोलतो म्हटलं, मोजलंस काय. एकदा आमच्यातल्या एकाने तक्रार केली की हॉस्टेलचं सांबार अगदी पाणी असतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी सर दोन काचेच्या गोट्या आणि दोन उंच लोटे घेऊन मेसमध्ये हजर! एका लोट्यात पाणी, दुसऱ्यात सांबार. सांबारातलं दिसत नसल्यामुळे गोटी तळाला लागल्याचा टक आवाज ऐकायचा होता, म्हणून त्यांनी दीडशे माणसांना गप्प बसवलं. दोन्ही गोट्या एकदम सोडल्या. दोन्हीकडे एकदम टक झालं.

"तक्रार मंजूर," सर म्हणाले, आणि तिथेच बसून त्यांनी मेसला रीतसर पत्र लिहिलं. पत्राला मोजमापांचा तक्ता जोडला होता. दुसऱ्या दिवसापासून सांबार दाट झालं ते शेवटपर्यंत दाट राहिलं.

विद्यापीठाची चव घ्यायची तर ती पूर्ण घ्यावी, असं सरांचं मत होतं. म्हणून वेळापत्रकात गुरुवारी सकाळी अकराच्या चौकटीत त्यांनी छापलं होतं, "व्याख्यानाला दांडी. सक्तीची." त्या वेळी विभागप्रमुखांचं व्याख्यान असे. विभागप्रमुख म्हणजे आमचे हेडसर, उंच, किडकिडीत, कायम घाईत आणि कायम उदास. त्यांच्या व्याख्यानाला एरवीही फारसं कुणी जात नसे, असं पीएचडीची मुलं सांगायची. आम्हाला फक्त एवढंच करायचं होतं, की त्या एका तासात कँटीनच्या कट्ट्यावर बसून काहीही करायचं नाही.

आम्ही बाराजण कट्ट्यावर बसलो. बाराही जण आपापल्या शाळेतले पहिले. पाच मिनिटांनी एकजण पाणी पिऊन येतो म्हणून उठला. मग एक मुलगी वही विसरली. मग मला आठवलं की मला फोन करायचाय. सव्वाअकराला आम्ही सगळेच्या सगळे हेडसरांच्या वर्गात मागच्या बाकांवर बसून भराभरा लिहून घेत होतो, एकमेकांची नजर चुकवत. बारा नवे चेहरे बघून हेडसर एवढे खूश झाले की त्यांनी तास वीस मिनिटं वाढवला.

सर दारात उभे होते. "शिस्त म्हणून नाही तुम्हा लोकांना!" ते आम्हाला बाहेर काढत म्हणाले. "एक दांडी मारता येत नाही? तुमचं पुढे कसं होणार?" पुढच्या गुरुवारी ते स्वतः आमच्याबरोबर कट्ट्यावर पहाऱ्याला बसले.

पण खरी चव आम्हाला शिडीने दिली. दुसऱ्या दिवशी सरांनी आमच्या हातात एक कागद दिला आणि म्हणाले, "प्रयोग पुढे बघू. आधी स्टोअरमधून शिडी आणा." शिडी स्टोअरच्या दारातच, भिंतीला टेकून उभी होती. आम्ही तिला हातसुद्धा लावला. पण स्टोअर सांभाळणाऱ्या अण्णांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, इथे हेडची सही पाहिजे, नाळे बन्नी. नाळे बन्नी म्हणजे उद्या या. उद्या गेलो तर हेडची सही होती, पण समन्वयकाची नव्हती. परवा दोन्ही होत्या, पण कागद जुन्या नमुन्यातला निघाला. चौथ्या दिवशी शिडी मिळाली, एका दिवसाच्या बोलीवर. संध्याकाळी पाचच्या आत परत. आम्ही ती मिरवणुकीत आणावी तशी आणली.

"झालात तुम्ही पदवीधर," सर म्हणाले. "आता राहिलंय ते फक्त विज्ञान."

विज्ञान असं होतं. जिन्याच्या मधल्या पोकळीत तिसऱ्या मजल्याच्या छताला एक जुना हूक होता. त्याला नायलॉनची दोरी बांधायची आणि खाली वाण्याकडचं असतं तसं पाच किलोचं लोखंडी वजन लटकवायचं. झाला लंबक, तीन मजले उंच. दोरीची लांबी आणि एका झोक्याला लागणारा वेळ, एवढं कळलं की पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते ते काढता येतं. उत्तर दहावीच्या कुठल्याही पुस्तकात छापलेलं आहे, ९.८. ते मला झोपेतसुद्धा येत होतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

झोके मोजायचं काम माझ्याकडे आणि भाग्याकडे आलं. भाग्या बंगळुराबाहेरच्या आनेकलची, सरकारी शाळेतली. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात कामाला. आम्ही कानडी, हिंदी आणि इंग्रजीची मिसळ करून बोलायचो, पण इथे मी मराठीतच सांगते. ती फार कमी बोलायची आणि एकदा मोजायला लागली की तिच्या पापण्यासुद्धा हलायच्या नाहीत. शिडी पाचच्या आत परत करायची असल्यामुळे दोरीची लांबी आम्ही आधीच, कॉरिडॉरच्या जमिनीवर दोरी पसरून मोजून ठेवली होती. बरोबर अकरा मीटर. मग वजन लटकवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दुपारी आम्ही वीस-वीस झोक्यांचा वेळ घेतला. कधी १३७.४ सेकंद, कधी १३७.५, कधी १३७.३. मी गणित केलं. उत्तर आलं ९.२.

पुन्हा केलं. ९.२.

"चुकतंय," मी म्हणाले.

"मोजलेलं बरोबर आहे," भाग्या म्हणाली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी जिन्यावरून हेडसरांचं आणि सरांचं बोलणं ऐकलं. सर जूनअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर हा प्रोग्रॅम चालू ठेवायचा की बंद करायचा, ते गुरुवारी विभागाच्या बैठकीत आमचं काम बघून ठरणार होतं. हेडसर म्हणत होते, शाळेतली मुलं आहेत, पुस्तकातलं उत्तर उतरवून काढतील, त्यांच्यासाठी प्रयोगशाळा अडवून काय मिळणार. आणि सर तळाच्या पायरीवर उभे राहून वर बघत म्हणाले, "माझी मुलं खोटं मोजत नाहीत. बंद करायचं असेल तर दुसरं कारण शोधा."

आमचा आकडा ९.२. गुरुवारी सगळ्या प्राध्यापकांसमोर हा आकडा वाचला गेला तर सरांचं हसं होणार, प्रोग्रॅम बंद होणार, आणि ते होणार माझ्यामुळे. असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर सरांची काळजी त्यात चार आणे होती. बारा आणे हेच होतं, की मी, सात वर्षांत कधी दुसरी न आलेली मुलगी, चुकीच्या उत्तराखाली सही करून उभी राहणार होते.

मग मी तेच केलं जे शाळेत सगळे करतात. शाळेतली प्रयोगवही आम्ही अशीच भरायचो, आधी उत्तर लिहायचं आणि मग त्या उत्तराला शोभतील अशी मोजमापं मागे बसवायची. बाईंना ठाऊक असायचं, आम्हालाही ठाऊक असायचं, आणि त्याला फेअर करणं म्हणायचे. मी वहीतलं पान फाडलं आणि फेअर केलं. प्रत्येक मोजणीतून चार-सव्वाचार सेकंद कापले. खरं वाटावं म्हणून कुठे १३३.०, कुठे १३३.३, कुठे १३२.९ घातलं. भाग्या बाजूला उभी राहून बघत होती.

"पण आलं होतं ते वेगळं," ती म्हणाली.

"तुला नाही कळायचं," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मंगळवारी सकाळी मी सरांना वही दिली. त्यांनी शेवटचा आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. सर कुणाचीच मोजमापं तपासत नसत. सहकाऱ्याच्या शब्दावर विश्वास नसेल तर त्याच्याबरोबर काम कशाला करायचं, असं म्हणायचे. त्यांचे डोळे एकदम पाणावले. मला वाटलं होतं तसं मला काही पहिलं आल्याचं सुख झालं नाही. त्यांनी वही दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि त्या दिवशी ते जिना चक्क सरळ उतरले.

गुरुवार उजाडला. बैठकीला आठ-दहा प्राध्यापक, हेडसर मध्यभागी, आम्ही बाराजण भिंतीलगत. सरांनी वही उघडली आणि माझ्या मोजण्या वाचायला लागले. एकशेतेहेतीस पूर्ण. एकशेतेहेतीस पॉइंट तीन. प्रत्येक आकडा ते असे सावकाश, मानाने वाचत होते की माझे कान तापले. हेडसरांनी मान डोलावली. प्रोग्रॅम वाचला होता. मी गप्प बसले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. मग सर म्हणाले, "ही मोजमापं आमच्या दोन सहकाऱ्यांनी तीन दुपार उभं राहून घेतली आहेत," आणि त्यांनी भाग्याकडे हात केला. भाग्या खाली मान घालून आपल्या चपलांकडे बघत होती.

मी उठले. "सर, ते खोटं आहे. मी बनवलंय. भाग्याने खरं मोजलं होतं, ते मी फाडलं."

हेडसरांनी हळूच चष्मा काढला. त्यांचा चेहरा सांगत होता, बघा, मी म्हटलंच होतं. मी सरांकडे बघायचं टाळत होते.

"खरं किती आलं होतं?" सरांनी विचारलं.

"नऊ पॉइंट दोन."

"नऊ पॉइंट दोन?" सर उभे राहिले. "नऊ पॉइंट दोन का?"

"माहीत नाही सर."

"मलाही नाही!" त्यांचा आवाज चिरकला. "अहो, मलाही माहीत नाही! नऊ पॉइंट दोन का यावं? पृथ्वी तर आहे तेवढीच आहे!" आणि वही टेबलावर टाकून, बैठक, हेडसर, प्रोग्रॅम सगळं विसरून ते खोलीतून जवळजवळ पळत बाहेर पडले. दारात एकदा वळून मला म्हणाले, "मी तुझ्यावर रागावणार आहे अक्का. पण उद्या. आज वेळ नाही."

दोन मिनिटांनी संपूर्ण भौतिकशास्त्र विभाग जिन्याच्या तळाशी वजनाभोवती उभा होता. भाग्याने बसच्या पासच्या पाकिटातून एक घडी केलेला कागद काढला. माझं फाडलेलं पान! तिने ते कचऱ्यातून उचलून ठेवलं होतं. मग हेडसरांनी स्वतःच्या घड्याळावर वीस झोके मोजले, त्यांनाही एकशेसदतीस पॉइंट चार सेकंद लागले. "मग वेळ बरोबर आहे," हेडसर म्हणाले, आणि त्यांचा उदासपणा कुठे गेला कुणास ठाऊक. ते गुडघ्यांवर बसले, मग सरळ फरशीवर आडवे झाले आणि वजनाच्या खालून बघू लागले.

"हे पहिल्या दिवशी एवढं खाली होतं?" त्यांनी विचारलं.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. पहिल्या दिवशी वजन माझ्या गुडघ्याच्याही बरंच वर होतं. आता ते जमिनीपासून जेमतेम वीतभर होतं. रोज त्याच्याशेजारी उभं राहून आम्हाला कुणालाच ते दिसलं नव्हतं. तेवढ्यात भाग्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अय्यो, ही नायलॉनची आहे ना! आमच्या घरी नवी दोरी बांधली आणि ओले कपडे टाकले, की चादर जमिनीला लागते. अम्मा दुसऱ्या दिवशी पुन्हा घट्ट बांधते." दोरी ताणली होती. आम्ही जमिनीवर पसरून मोजली तेव्हा ती अकरा मीटर होती, पण पाच किलो लटकवल्यावर ती अकरा राहिलीच नव्हती.

"शिडी!" सर ओरडले.

शिडी आणायला हेडसर स्वतः गेले. स्टोअरच्या अण्णांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाले, हेडची सही पाहिजे. "मीच हेड!" हेडसर म्हणाले. सरी, म्हणजे ठीक, मग इथे करा, अण्णा म्हणाले, आणि समन्वयकाचीही आणा. समन्वयक धावत आले, म्हणजे आमचे सरच. शेवटी शिडी आली, पीएचडीच्या दोन मुलांनी ती तिसऱ्या मजल्यावर नेऊन धरली, आणि हेडसर बूट काढून, मोज्यांवर, मोजायची टेप दातात धरून वर चढले. खालून सगळा विभाग ओरडून सूचना देत होता. हुकापासून वजनापर्यंतची लांबी भरली अकरा पॉइंट सहा नऊ मीटर. भाग्याने कागदावर, जिन्याच्या पायरीवर बसून गणित केलं. ९.७८.

सरांनी तो कागद हातात घेतला. "बंगळुरात एवढंच येतं," ते अगदी हळू म्हणाले. "नऊ पॉइंट आठ नाही. इथे नऊ पॉइंट सात आठ येतं." मग ते एकदम ओरडले, "कपड्यांच्या दोरीवर!" आणि त्यांनी भाग्याशी हस्तांदोलन केलं, मग स्टोअरच्या अण्णांशी. मी बनवलेला आकडा पुस्तकासारखा होता, आणि मी फाडलेला बंगळुरासारखा. तेवढ्या आरडाओरड्यात मी भाग्याला सॉरी म्हटलं. सरी बिडु, ती म्हणाली, म्हणजे बरं, सोड आता, आणि स्टॉपवॉच माझ्या हातात देऊन पुन्हा मोजायला लावलं. हेडसर शिडीवरूनच ओरडले की पुढच्या वर्षी हा प्रोग्रॅम ते स्वतः घेणार आहेत. पुढच्या वर्षी त्यांनी तो घेतलाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

पण उद्या यायचा तो आलाच. शुक्रवारी सकाळी आठला सर हॉस्टेलच्या फाटकाशी उभे होते. स्टॉपवॉच काढून त्यांनी कट्ट्यावर ठेवलं.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "तू माझ्याशी खोटं बोललीस. ते एक असू दे. माझ्याशी पुष्कळ लोक बोलतात. पण भाग्याअक्काने तीन दुपार उभं राहून मोजलं होतं. तिचे कान, तिचे डोळे. ते पान फाडायचा अधिकार तुला कुणी दिला?"

मी रडायला लागले.

"रड की. पण ऐकत रड. तुला उत्तर माहीत होतं म्हणून तू बघायचंच बंद केलंस. वजन खाली आलं तुझ्या डोळ्यांसमोर! एवढं मोठं लोखंड!" बराच वेळ ते बोलत होते, आवाज न चढवता, आणि त्यातला एकही शब्द मला खोडून काढता येत नव्हता. मग मध्येच थांबले. घड्याळात अजून दोन मिनिटं शिल्लक होती. सर कट्ट्यावर बसले.

"मंगळवारी मी घरी गेलो," ते म्हणाले. "बायकोला म्हटलं, एक मुलगी आहे, आपलीच, मराठी. साध्या नायलॉनच्या दोरीवर नऊ पॉइंट आठ काढलं तिनं. जाता जाता एवढं बघायला मिळालं, पुष्कळ झालं. बायकोनं आनंदानं शिरा केला. मी दोन वाट्या खाल्ला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तो शिरा कशाचा होता सांग की अक्का."

याच्याइतकं मला आयुष्यात कुठलंच बोलणं लागलेलं नाही. शिक्षा केली असती, घरी फोन केला असता तरी परवडलं असतं.

"चल," ते उठत म्हणाले. "तिलाही तूच सांग."

घर चालत दहा मिनिटांवर होतं, एका गल्लीत पहिल्या मजल्यावर. काकूंनी दार उघडलं. छोट्याशा, चपळ, चष्मा डोक्यावर सरकवलेला आणि हातात शेंगा निवडायचं ताट. मी दारातच सगळं सांगून टाकलं, ९.८ खोटं होतं, मी बनवलं होतं, तुम्ही उगाचच शिरा केलात, मला माफ करा.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग खरं किती?"

"नऊ पॉइंट सात आठ. ते भाग्याचं आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. "बस आधी. रडून डोळे बघ कसे झालेत." मग त्या सरांकडे वळल्या. "खोटं निघालंच आहे बाहेर, तर माझंही एक विचारून घेते. मंगळवारी मी शिऱ्यात साखर घालायची विसरले होते. नंतर स्वतः खाल्ला तेव्हा कळलं. तुम्ही दोन वाट्या खाल्लात आणि फर्स्टक्लास झालाय म्हणालात. तीन दिवस वाट बघतेय मी, कधी सांगता म्हणून."

सर दारातच उभे राहिले. चप्पल अर्धी पायात, अर्धी बाहेर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे.

"तू एवढ्या आनंदानं केला होतास," ते पुटपुटले.

"ते मला माहीत आहे. कसा झाला होता ते सांगा. हिच्यासमोर."

सरांनी चप्पल पूर्ण काढली. मग शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून म्हणाले, "गोड नव्हता."

मला एकदम हसू फुटलं. रडत होते त्यातच फुटलं, आणि थांबेचना. काकूही हसायला लागल्या, आणि शेवटी सरसुद्धा, कान लाल करून. एवढ्या मोठ्या माणसाला पकडलेलं बघून मला ते आधी कधीच वाटले नव्हते एवढे जवळचे वाटले. काकूंनी पुन्हा कढई चढवली, रवा भाजला. या वेळी साखर सरांनी घातली. ती फार जास्त झाली, आणि आम्ही तिघांनीही तसं सांगितलं.